खाली

इवामोतोसान निवृत्त होऊन गेले तेव्हा
कपाटात राहिल्या बारा सीडी, एक छत्री
आणि खारवलेल्या आलुबुखारांची अर्धी बरणी.
बरणी वासावरून टाकली.
सीडी मी कॅम्पात आणल्या.

अल खोरचा शुक्रवार, बाहेर शेहेचाळीस.
कॅरम भिंतीला उभा करून सतरा जण बसलो.
काळं-पांढरं चित्र, जपानी बोली,
तळाला अक्षरं नाहीत.
शाजी म्हणाला, तलवारी आहेत ना,
मग भाषा कशाला?

पण तलवार यायलाच तयार नाही.
आधी आला रस्ता, मग धूळ,
मग धुळीतून एक भालदार, एकच शब्द ओरडत.
इवामोतोसानांकडून उचललेले चार शब्द मला येतात,
त्यातला तो निघाला.
मी सांगितलं : खाली, खाली.
खड्क नेपाळचा, त्यानं विचारलं, काय खाली? डबा?
ड्रायव्हर बशीर म्हणाला, अरबीतही तेच,
दक्षिणेचं अख्खं वाळवंट त्या नावाचं.
त्यांना कळेना, रिकामं म्हटल्यावर
शेतातली माणसं चिखलात कपाळ का टेकतात.

छत्रीवाला गेला, खोकेवाला गेला, भालेवाले,
जोडे उचलणारा,
जोडे उचलणाऱ्याचं ओझं उचलणारा.
प्रत्येकाच्या पाठीवर घराण्याचं चिन्ह,
जसा आमच्यात हेल्मेटचा रंग :
पांढरं साहेबाचं, हिरवं सेफ्टीचं, निळं फिटरचं,
उरलेले सगळे पिवळे.
माझं राखाडी. मी टाइमकीपर.

शेवटी आला मेणा. काळा, चकचकीत, खिडकी बंद.
सुपडू वाडिले उठून पडद्याशी गेला.
शिरपूरकडचा, जातीनं भोई.
आजा जहागीरदाराचा मेणा वाहायचा,
हा चौदा वर्षं परांचीचे पाइप वाहतोय,
उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा.
"मांगे ले."
घेतलं.
"आखो."
घेतलं.
"रिकामा शे."
त्यानं बोटानं गुडघे दाखवले.
वजन असलं तर पाय आधी दबतो, मग उचलतो.
हे तर चाललेत हळदीला निघाल्यासारखे.
"मझार कोन्हीच नही."

सगळे हसले. शूटिंग आहे बाबा,
बड्या नटाला कोण उन्हात कोंडून ठेवील?
सुपडू हसला नाही.
त्याला ती चिखलातली कपाळं मोजायची होती.

पुढे तलवार आली, पाऊसही आला,
एकानं तिसांना कापलं.
आमचे डोळे मात्र नायकाच्या मागे, कडेकडेला.
फाटक्या कानाचा एक हमाल
नदीकाठी मेला,
आणि वाड्याच्या दारात भाला घेऊन परत उभा.
तिथंही मेला.
खड्कनं कानावरून ओळखला.
दोन मरणांची हजेरी एकच लागली असणार,
मी म्हटलं, आणि कोणी हसलं नाही.

रात्री झोप आली नाही. तो भालदार.
त्याच्याही पायात गवताच्याच वहाणा होत्या.
सगळ्यांच्या पुढे तो, म्हणजे मेण्याकडे पाठ.
जन्मभर ओरडला,
आणि आत कोण आहे
हे बघायला त्याला मान वळवता आली नाही.

शनिवारी पहाटे गेटवर मी नेहमीसारखा,
हातात स्कॅनर, तोंडात "लाइन, लाइन".
काळ्या काचांची गाडी आली.
माझा हात आपोआप उठला,
पिवळी हेल्मेटं कडेला सरकली, खांद्यावरच्या पाइपांसकट.
सुपडू माझ्याकडे बघत नव्हता.
वाकून, नीट,
तो गाडीचे टायर बघत होता.

मी त्याची वेळ टिपली. चार एकेचाळीस.